धरून ठेवलेली खुर्ची

"समिधा दुधाळ!" सरांनी तिसऱ्यांदा हाक मारली. हाकेला हजर नसेल तर नाव बाद, हा कॉलेज बदलण्याच्या फेरीचा नियम. पुण्यातल्या या नामांकित कॉलेजात दुसऱ्या वर्षाची एकच जागा रिकामी होती आणि गुणांनुसार रेवतीचा नंबर दुसरा होता. तिने डोळे गच्च मिटून घेतले. नको येऊस गं बाई, जी कोण असशील ती.

कुणीच आलं नाही. जागा रेवतीला मिळाली. गावाकडच्या कॉलेजात वर्षभर उपसलेल्या कष्टांचं चीज झालं. बाबांना फोन करताना तिला रडू आवरेना.

निघताना तिला आपली पाण्याची बाटली आठवली. सकाळी सगळे जुन्या इमारतीत बसले होते. शेजारची लातूरची मुलगी दोघींच्या बाटल्या भरायला गेली होती, "माझी खुर्ची सांभाळ हं," असं सांगून. तेवढ्यात शिपाई आला. "फेरी पलीकडच्या हॉलमध्ये आहे, चला!" सगळ्यांबरोबर रेवतीही धावत सुटली. त्या मुलीला कळवायचं राहूनच गेलं.

जुन्या इमारतीत आता नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. ती मुलगी मात्र तिथेच बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिने रुमाल टाकला होता आणि रुमालावर रेवतीची भरलेली बाटली ठेवली होती.

"कुठे होतीस? तुझी खुर्ची धरून ठेवलीये," ती म्हणाली. "सगळे चहाला गेलेत वाटतं. आपल्याला कधी बोलावणार गं?"

रेवतीने बाटलीकडे नेलेला हात मागे घेतला.

"तुझं नाव काय?"

"समिधा. का गं?"