अकरा डिस्कची वहिवाट

दोन घंगाळं. एक फवारणीचा पंप, नळी फुटलेली.

बांधावरचा आंबा धाकट्याचा. सावली पडेल त्याची.

दोघं भाऊ, आपापल्या पोराला: "त्यांच्या उंबऱ्याला पाय लागला तर पाय तोडीन."

विहिरीचं पाणी: सोमवार ते बुधवार थोरल्याला, गुरुवार ते शनिवार धाकट्याला. रविवारी मोटार बंद.

दिवाणखान्याच्या मधोमध खडूची रेघ. बाहेर विटा येऊन पडलेल्या.

"आबा, बत्तीस गेम हायत. पण हाताला लागत न्हाईत."

या शेवटच्या वाक्यावर लालासाहेबांनी पेन खाली ठेवलं.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी आष्ट्याच्या आसपास एकोणीस घरांच्या वाटण्या केल्या होत्या. वाटण्या चोख. पण त्या एकोणीस घरांतले भाऊ पुन्हा कधी एकमेकांच्या दारात गेले नव्हते, हे ते कुणाला सांगत नसत. विसावं घर त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलांचं होतं. थोरला भाचा धनाजी, धाकटा बाळासो. भांडण बोअरवरून सुरू झालं की बांधावरून, हे आता त्या दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं. सगळं वाटून झालं होतं. उरलं होतं टीव्हीखालचं गेमचं मशीन. धनाजीची शिवांजली आणि बाळासोचा शंभूराज, दोघं गेम खेळतच एकत्र वाढली होती.

"हाताला लागत न्हाईत म्हंजी? हायत कुठं?"

"खात्यावर, आबा," शिवांजली म्हणाली. "नेटवरनं इकत घेतलेत. दुकानातनं आणल्याल्या जुन्या ह्या अकराच." तिनं शोकेसमधून डिस्कच्या डब्या काढल्या, ओढणीनं पुसल्या आणि खडूच्या रेघेवर ठेवल्या.

"मग खात्यावर दोघांची नावं लाव. सातबाऱ्यावर लावतो तशी."

"एकच नाव घेतंय ते. ज्याच्याकडं मशीन, त्याच्याकडं सगळं."

"इकून टाका," धनाजी म्हणाला.

"न्हाईतर फोडा," बाळासो म्हणाला.

सकाळपासून दोघा भावांचं पहिल्यांदाच जमलं ते हे.

लालासाहेबांनी पोरांकडं पाहिलं. दोघांपैकी कुणीच रडत नव्हतं. ते त्यांना जास्त लागलं.

"जुनी रीत हाय," ते म्हणाले. "एकानं वाटं पाडायचं, दुसऱ्यानं उचलायचं. शिवांजली, पाड."

तिनं वेळ लावला नाही. एका बाजूला मशीन, दोन्ही रिमोट आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी. दुसऱ्या बाजूला अकरा डिस्क. बस्स.

"ह्याला वाटणी म्हणत्यात?" बाळासो उसळला. "डिस्का काय परातीत घालून वाजवायच्या?"

"उचलणारं पोरगं तुझंच हाय की." धनाजी हसला नाही, पण मिशी हलली. "उचलंल मशीन."

लालासाहेबांनी दोन्ही वाटे पाहिले. एकाकडं सगळं, दुसऱ्याकडं रिकाम्या डब्यांसारख्या डब्या. मध्ये नऊ इंची भिंत. आपल्या हातून मोडलेलं विसावं घर.

शंभूराजनं मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं अकराही डिस्क गोळा करून छातीशी धरल्या.

बाळासोनं कपाळावर हात मारला. "खुळं जन्माला आलंय!"

"पण आबा," शंभूराज म्हणाला, "ह्या चालवायच्या कुठं? मशीन तर पल्याडच्या घरात गेलं."

लालासाहेबांना गेल्या साली त्यांनी वाटलेलं एक रान आठवलं. चारी बाजूंनी दुसऱ्याच्या उसानं वेढलेलं. मधल्या रानाला वाट द्यावीच लागते. वैर कितीही असो, ट्रॅक्टर अडवता येत नाही. या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"रान मधी अडकलं तर वाट आडवतं का रं कोण, धनाजी?"

"न्हाई, मामा. पण हे काय रान हाय?"

"माल ह्याचा, कसायची जागा तुझ्या घरात. आणि रान म्हंजी काय असतं गड्या?"



लालासाहेबांनी पेन उचललं. 'अकरा डिस्क चालविण्याकरिता चि. शंभूराज यास दर रविवारी धनाजी यांच्या घरात येण्या-जाण्याची वहिवाट राहील. कोणी हरकत घेऊ नये.' दोघा भावांनी सह्या केल्या. असा निवाडा आपल्याला सुचला, याचं लालासाहेबांना घरी पोचेपर्यंत कौतुक वाटत राहिलं.

भिंत उभी राहिली. गिलावाही झाला.

पहिल्या रविवारी शंभूराजनं दारात डिस्क वर धरून दाखवली, छावणीच्या फाटकावर पास दाखवावा तशी. धनाजीनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि आत सोडलं. आतून पोरांचा आरडाओरडा सुरू झाला. भिंतीला कान नसले, तरी तो पलीकडं ऐकू गेला.

तिसऱ्या रविवारी जेवायची वेळ टळली म्हणून बाळासो पोराला हाक मारायला आला. अंगणातच उभा राहिला.

पाचव्या रविवारी धनाजीची बायको हरणाबाई अंगणात कप घेऊन आली. "भावजी, चहा काय वाटणीत आलेला न्हाई. प्या."

सातव्या रविवारी ऊन रणरणत होतं. बाळासो अंगणात, धनाजी दारात. बराच वेळ दोघं उसाच्या तोडीबद्दल हवेत बोलल्यासारखं बोलत राहिले. मग धनाजी दारातून बाजूला झाला.

"आत ये की. का तुलाबी डिस्क लागती?"

जुनं मशीन बिघडल्यावर दोन वर्षांपूर्वी विश्रामबागेतल्या दुकानातून आणलेल्या त्या मशीनला डिस्क घालायची फटच नव्हती.