जुन्या भावाचं घर

सासरे डावीकडे वळले आणि सुनेच्या हातातला ओला टॉवेल गॅलरीतून थेट खाली पडला.

बाग उजवीकडे होती. रोज संध्याकाळी ते उजवीकडेच वळत. डावीकडे होतं ते फक्त वाण्याचं दुकान.

"अहो, बाबा दुकानाकडे निघालेत!"

सुट्टीचा दिवस होता. नवरा एका पायात मोजा घालून लंगडतच बाहेर आला. "हातात पिशवी आहे का?"

"नाही. विसरले असतील."

"मग संपलंच. भाव विचारणार आणि तिथंच चक्कर येऊन पडणार."

"शुभ बोला जरा! मी मागच्या जिन्याने जाते. तुम्ही त्यांना गाठा आणि बोलण्यात गुंतवा."

"कशाबद्दल बोलू?"

"महागाई सोडून कशाबद्दलही!"

दोन वर्षांपूर्वी विजेचे दर वाढल्याचं ऐकलं आणि सासऱ्यांनी अख्खा उन्हाळा पंखा लावला नाही. वारा सोसत नाही, म्हणाले. दूध महागलं, तेव्हा त्यांना अचानक दूध पचेनासं झालं. मग एका सकाळी ते जिन्यात कोसळले. डॉक्टरांनी त्यांचं मनगट सोडलं आणि सुनेकडे पाहिलं. "आजार काही नाही. माणूस जेवत नाही, एवढंच."

तेव्हापासून या घरात कशाचाच भाव वाढला नाही. विजेचं बिल नवऱ्याच्या ऑफिसातच राहू लागलं. वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान सासऱ्यांच्या हाती लागण्याआधी फडताळात अंथरलं जाई. एकदा जेवताना नवऱ्याच्या तोंडून 'महा' एवढं निसटलं. उरलेला शब्द त्याने शिंकेत बुडवला. आता सासरे दुसऱ्यांदा वाढून घेत, आणि त्यांच्या ताटाकडे पाहताना सुनेला वाटे, एका खोट्यावर सारं घर किती अलगद तरून जातं आहे.

खरे भाव तिला ठाऊक होते. ते चढत होते, पण बेताने. वाणी भला माणूस होता.

"तुला तेल या भावात देतो? मग मलाच का नाही गं?" शेजारची काकू डोळे बारीक करून विचारी.

"आम्ही जुनं गिऱ्हाईक, काकू," ती तोऱ्यात सांगे.

आता मात्र तो तोरा आणि चपला दोन्ही हातात घेऊन ती मागच्या गल्लीतून धावत सुटली होती. टायरवाल्याच्या दारातल्या पाण्याच्या पिंपाला तिने वळसा घातला, एका सायकलला धडकली, तिचीच माफी मागितली आणि पुढे पळाली. छातीत धडधडत होतं. पण त्या धडधडीत लहानपणीच्या लपाछपीचा काहीसा विसरलेला आनंदही होता.

तिला पायरीवर पाहताच वाण्याने मागच्या पाटीवरचे खडूने लिहिलेले भाव तळव्याने भराभरा पुसून टाकले.

ती धापा टाकत हसली. "कमाल आहे तुमची! मी सांगायच्या आत ओळखलंत?"

"अं? हो, म्हणजे... काय ओळखलं?"

"बाबा येताहेत! त्यांना सगळं जुन्या भावाने सांगा. वरचा फरक मी भरेन."

वाण्याचा खडूने माखलेला हात हवेतच राहिला. "फरक? त्यांच्या सामानाचा फरक तुम्ही भरणार?"

"मग काय, तुम्हाला खड्ड्यात घालू?"

"तसं नाही हो, ताई. पण हे जरा..." त्याने कपाळ पुसलं. कपाळही पांढरं झालं. "तुम्ही दोघं मिळून मला वेडं करणार एक दिवस."

"दोघं कोण?"

बाहेर काठीचा आवाज आला. उत्तराची वाट न बघता ती तांदळाच्या पोत्यांमागे शिरली आणि श्वास रोखून खाली बसली.

सासरे आत आले. "काय रे, आमच्या चिरंजीवांना आज झालंय तरी काय? एका पायात मोजा घालून रस्त्यात मला ढगांची माहिती देत होता."

"या काका, या!" वाणी एवढ्या मोठ्याने ओरडला की खोक्यावर झोपलेलं मांजर ताडकन उठलं. "साखर जुन्याच भावात! तेल जुन्याच भावात! काही म्हणजे काही वाढलेलं नाही!"

पोत्यांमागे सुनेने मूठ आवळली. जिंकलो! तिला त्या भल्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.



"अरे, हळू," सासरे म्हणाले. "हे आमच्या सुनेला सांगायचं असतं. मला कशाला ऐकवतोस?"

वाणी खोकला. खोकतच राहिला.

"औषध घे त्या खोकल्यावर. आणि हे पाकीट धर, या महिन्याचा फरक. छापखान्यातून मुद्रितं तपासल्याचे पैसे कालच मिळाले. आज तिथे सुट्टी, म्हणून सरळ इकडेच आलो. एरवी रोज संध्याकाळी मी तिथेच असतो आणि घरच्यांना वाटतं, बागेत गप्पा छाटतो."

"काका, आज नको. आपण उद्या बोलू..."

"उद्या कशाला? तेल पुन्हा चढलं ना? चढू दे, मी आणखी थोडं काम मागून घेईन. तू तिला कमीच सांगत जा. खरा भाव कळला, की 'माझं मघाशीच जेवण झालं' म्हणत पोरगी पुन्हा उपाशी झोपायला लागेल."