टर्बो काढायचा रविवार

शेवटचा नट काही केल्या सुटेना. चिरंजीवांनी पान्यावर अंगातलं सगळं वजन टाकलं. नट जागचा हलला नाही, चिरंजीवांची पाठ मात्र हलली.

"तेल मार आणि गप उभा राहा जरा," बॉनेटच्या पलीकडून मास्तर म्हणाले. "गंजलेल्या नटाशी भांडू नये. मोडला तर निम्मा आतच राहतो."

मास्तरांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गावातली निम्मी माणसं त्यांचा ओरडा खात गाडी शिकली. अशा माणसाला 'बाबा, आता तुम्ही गाडी चालवू नका' हे सांगायचं कुणी? मुलगा ताईला म्हणाला, तू लाडकी, तू सांग. ताई म्हणाली, तू मुलगा, तू सांग. तेवढ्यात मास्तरांनी शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं आणि वर 'फाटक नेहमीच्या जागी नव्हतं' असं शेजाऱ्यांनाच सुनावलं. मग भावंडांची फोनवर बैठक झाली. बाबांना काही बोलायचं नाही, यावर दोघांचं लगेच एकमत झालं. घरच्या घरी ओव्हरहॉल करू म्हणून गाडी खोलायची आणि जोडायची तेवढी विसरायची. ज्या घरात तोंडावर बोलायची पद्धत नसते, तिथली माणसं हातांनी फार कामसू होतात.

त्याप्रमाणे चिरंजीव एका रविवारी आले आणि रेडिएटर काढून भिंतीला टेकवून गेले. आठवडा उलटायच्या आत मास्तरांचा फोन.

"रेडिएटर बसवला रे मी. काल हायवेपर्यंत जाऊन आलो. काय पळते!"

तिकडे ताईचं बीपी वाढलं. चिरंजीव पुन्हा आले, अल्टरनेटर काढून ठेवून गेले. पुन्हा फोन. अल्टरनेटर बसला होता आणि मास्तर घाट चढून आले होते. मग स्टार्टर. तोही मास्तर बसवून मोकळे. या खेपेला तर म्हणे अंधारात जाऊन आले, समोरून येणारे लोक दिवे नीट लावत नाहीत अशी तक्रार होती. एरवी सणासुदीलाही ज्यांना सवड होत नसे, ते चिरंजीव आता दर रविवारी हजर. "तिकडे नोकरी धरलीत का?" असं त्यांच्या बायकोने विचारूनही झालं.

आज टर्बोची पाळी होती. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा, गोगलगायीसारखा वेटोळ्याचा लोखंडी गोळा. तो नुसता काढायचा नाही, सोबत न्यायचा, ही ताईची सूचना. भागच घरात नसला तर म्हातारा जोडणार काय?

मास्तर मजेत होते. घरमालकाने चोराला उजेड दाखवावा, तसे टॉर्च धरून उभे होते. "आधी तो पत्रा काढ. आता तेलाचा पाइप. अरे, हळू! आणि त्याच्या तोंडात फडकं कोंब, आत कचरा गेला तर इंजिन बसेल." चिरंजीव 'हो बाबा, हो बाबा' करत होते. खालून हात घालताना पुढच्या चाकाजवळचं जाडजूड कोळिष्टक त्यांच्या मनगटाला गुंडाळलं. त्यांनी ते पँटला पुसलं आणि पाना पुन्हा नटावर लावला.

नट करकरला आणि सुटला. टर्बो हातात आला. मास्तरांनी त्याचं पातं बोटाने फिरवलं. ते भिरभिरत राहिलं, ना खरखर, ना खुट्ट.

"याला काय झालंय?"

"आतून गेलाय, बाबा. वरून कळत नाही."

"असं होय," मास्तर म्हणाले. मग स्वतःच त्यांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळला, तान्ह्या पोराला द्यावा तसा मुलाच्या हातात दिला. "दुरुस्त कधी होईल?"

"बघतो. फोन करतो ना मी."

"फोन कशाला? घेऊनच ये की."

आतून आईने हाक मारली, "अरे, पानं घेतलीत. जेवून जा."

"नको गं आई, उशीर होतोय. पुन्हा कधीतरी!"

गल्लीच्या तोंडाशीच चिरंजीवांनी गाडी बाजूला घेतली आणि ताईला फोन लावला. "सुटलो बाई एकदाचा. डिकीत घातलाय. आता रविवार माझे मोकळे."

"हुश्श," ताई म्हणाली. "आणि बाबांना तोंडावर सांगायची वेळ आली नाही, हे किती बरं झालं. मन मोडलं असतं त्यांचं."

इकडे मास्तर उघड्या इंजिनात वाकून बघत होते. टर्बो होता तिथे भोक पडलं होतं आणि त्यात फडकं कोंबलेलं होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, पुरे आता. फाटकाला धडकलात त्याच संध्याकाळी किल्ली माझ्या हातात देऊन टाकलीत. तेव्हापासून गाडी अंगणातून तसूभर हललेली नाही. कुठला हायवे आणि कुठला घाट! एकदा सांगून टाका ना त्या पोराला."

"सांगितलं तर येईल का तो?"

मास्तरांनी बॉनेट हळूच खाली केलं, पण लावलं नाही.

"त्या भंगारवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, या गाडीचा टर्बो असेल तर शनिवारच्या आत दे. चालू नसला तरी चालेल. काढता आला म्हणजे झालं."