निवांत वेळ

"मावशी, पुस्तक पुरं करायला अभ्यासवृत्ती मिळाली!" मिरजेतल्या त्या खोलीच्या दारातूनच हेमलता म्हणाली. "बँकेतून वर्षभर रजा घेतलीय. आता इथेच मिरजेत राहून रोज येणार मी."

खाटेवर पडलेल्या अनसूयाबाई हसल्या, पण अर्ध्याच ओठांनी.

"गेल्या महिन्यात झटका आला," त्यांची सून म्हणाली. "समजतं सगळं. बोलता मात्र येत नाही."

हेमलता सर्कशीतल्या बायकांवर पुस्तक लिहीत होती. अनसूयाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं झुल्यावर काढलेली. ती आली की त्या म्हणायच्या, "बस गं, पहिल्यापासून सांगते." पण हिला रविवारी संध्याकाळची पुण्याची गाडी गाठायची असायची. "अभ्यासवृत्ती मिळू दे, मग निवांत बसू," म्हणत ती चहा अर्धा टाकून उठायची.

आज तिला पिशवीतून रेकॉर्डर काढणंही सुचेना. ती खाटेच्या कडेला टेकली. "चुकलंच माझं, मावशी."

अनसूयाबाईंनी धड असलेला हात पुढे केला. हेमलता तो हातात घ्यायला गेली, तशी त्यांनी मान हलवली आणि तिचं मनगटच पकडलं.

"तुम्हीही त्यांचं मनगट धरा," सून म्हणाली. "झुल्यावर असंच धरतात. नुसता हातात हात दिला तर सुटतो, म्हणायच्या."

हेमलतानं घट्ट धरलं. किती विचारायचं राहून गेलं होतं! आणि अनसूयाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, तिच्या पहिल्या प्रश्नाची वाट पाहत.