अठ्ठेचाळीस युरोंची माळ

चार हजार आठशे युरोंची पोवळ्याची माळ अठ्ठेचाळीस युरोंना विकली गेली होती. ओर्सोलानं दुकानाच्या संगणकावर तो आकडा तीनदा वाचला, मग उठून दाराची कडी लावली. शनिवारची सकाळ, गिऱ्हाइकाची वेळ. पण आत्ता कुणी आत यायला नको होतं.

माळ तिपदरी होती. तिच्या वडिलांनी, अनिएल्लोंनी, अख्खा हिवाळा खपून तिचा एकेक मणी जुळवला होता. त्यांच्या तोर्रे देल ग्रेको गावात पोवळं घडवणारे अजून पुष्कळ आहेत, पण रंगाला रंग असा मिळवणारे हात मोजकेच उरलेत. काल दुपारी ओर्सोला जेवायला वर गेली असताना म्हाताऱ्यानं आपल्या हातानं ती माळ साइटवर चढवली होती. सहा मिनिटांत ती गेलीसुद्धा.

अनिएल्लो मागच्या खोलीत मण्याला भोक पाडत बसले होते.

"बाबा, दोन शून्यं राहिली तुमची."

त्यांनी मान वर केली नाही. "काही राहिलं नाही."

"चार हजार आठशेच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिलंय."

"किंमत मी मांडली, समोरच्यानं पैसे भरले. माल त्याचा झाला."

चुकीपेक्षा तिला त्या शांतपणाचीच धास्ती वाटली. गेल्या महिन्यात म्हाताऱ्यानं दोनदा गॅस चालू ठेवला होता. डॉक्टरकडे न्यायचं ती रोज ठरवत होती आणि रोज टाळत होती. आई गेली तेव्हा ओर्सोला तीन वर्षांची होती. आज पंचेचाळिशीला टेकली, तरी घरात दोघंच. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची. अनिएल्लोंना नेमकं तेव्हाच बाहेर काही काम निघायचं. त्यांना अजून सोसत नाही, असं ती समजून घ्यायची.

तिनं शाळेतल्या मित्राला, रेनातो वकिलाला, फोन लावला. रेनातोनं हसण्यावारी नेलं. अशी डोळ्यांत भरणारी चूक कुठलंही न्यायालय दुकानदाराच्या गळ्यात मारणार नाही, सरळ ऑर्डर रद्द कर, म्हणाला.

हे ऐकल्यावर मात्र अनिएल्लोंनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. त्यांच्या बापाच्या काळी गल्ल्यावर बसून एकदा उच्चारलेली किंमत कुणी मागे घेत नसे, हे त्यांनी तिला सुनावलं. गल्ल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा तरी दिसतो, ओर्सोला म्हणाली. इथं कुणी तरी कुठं तरी बसून आपल्या चुकांवर टपलेलं असतं.

म्हातारा उठला. टोपी घातली. दाराशी थांबला.

"रद्द करू नकोस, ओर्सोला. एवढं एक ऐक. उद्या जेवताना बोलू आपण."

आवाजात विनवणी होती. बापाला असं अजिजीनं बोलताना तिनं आजवर ऐकलं नव्हतं. ते कॉफी प्यायला गेले आणि तिनं ऑर्डरवरचा नंबर फिरवला.

नाव दालिला ग्रिएको असं होतं. फोनवर आलेल्या त्या मुलीनं सांगितलं की ती आवेल्लिनोतल्या वृद्धाश्रमात कामाला आहे. माळ तिची नाही. इथल्या एका आजींना संगणक जमत नाही, म्हणून तिनं फक्त बटणं दाबून दिली. थांबा, त्यांनाच देते.

मग धाप लागल्यासारखा आवाज आला. "कोण?"

"दुकानातून ओर्सोला बोलतेय. तुम्ही घेतलेल्या माळेबद्दल."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोला," म्हातारी म्हणाली.

ओर्सोलानं समजुतीनं सुरुवात केली. चूक झाली आहे, पैसे आजच परत मिळतील, हवं तर छोटे कानातले भेट म्हणून पाठवू.

"किंमत चुकीची नाही, पोरी."

त्या 'पोरी'नं ती भडकली. माझ्या बापाचं डोकं ठिकाणावर नाही, तिनं सुनावलं, आणि तुम्ही त्याचा फायदा उठवताय. उतारवयात लाज वाटायला हवी.

"त्यांची तब्येत बरी नाही?" म्हातारीनं घाईनं विचारलं.

"ते तुम्हाला कशाला हवं? मुलंबाळं आहेत ना तुम्हाला?"

"एक मुलगी आहे."

"तिच्या गळ्यात शोभली असती का ही माळ? अशी लांबवलेली?"

"शोभली असती," म्हातारी म्हणाली. मग, "कर रद्द. तुझ्या मनाविरुद्ध नको. पण त्यांना रागावू नकोस. चूक त्यांची नव्हती, कधीच."

ओर्सोलानं फोन ठेवला. तिनं ऑर्डर उघडली, खालचा तपशील न वाचताच रद्दचं बटण दाबलं, अठ्ठेचाळीस युरो परत पाठवले. हे इतकं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. म्हातारीचं नाव विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

टेबलावरचा तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. त्यांच्याच दुकानाची मेल होती. भेट म्हणून मागवलेली वस्तू रद्द झाली, की ती ज्याला मिळायची असते त्याला आपोआप जाणारी मेल.

'तुमच्यासाठी मागवलेली भेट रद्द करण्यात आली आहे. पाठवणाऱ्या व्यक्तीचा निरोप खाली देत आहोत:

ओर्सोला, बाबा ही माळ मला फुकट देत होते, मी नको म्हटलं. तुला द्यायची ती माझ्या पैशांची असावी, म्हणून त्यांनी माझ्या ऐपतीची किंमत लावली. मी तेव्हा घर सोडून का गेले, ते रविवारी बाबा तुला सगळं सांगतील. त्यानंतर वाटलं, तरच ये.

तुझी आई.'