डब्यातलं कुंकू

मंठ्याच्या सोसायटीत मी निवडणुकीचा अर्ज भरायला गेले, तर माझ्या दिरानं हरकत घेतली, "ही सभासदच न्हाई." सभासदांचे फोटो कॉम्प्युटरच्या डब्यात होते, पण माझ्या नावापुढं नुसती आकडे-अक्षरांची खिचडी दिसली. कारकून म्हणाला, "मावशी, आतमध्ये फोटो असाच साठवतात." "मंग उघडून दाखव की! पीठ दाखवून भाकर म्हणतो का?" त्यानं बटणं दाबली अन् पडद्यावर माझं तोंड उगवलं, कपाळभर कुंकवासकट. फोटो काढला तेव्हा मालक हयात होते. दीर हसला, "ही तर सवाष्ण. वहिनीचं कपाळ पांढरं. जुळतंय कुठं?" मी टेबलावरचा लाल शाईचा पॅड ओढला, अंगठा बुडवला अन् कपाळाला टेकवला. "घ्या, आता जुळवा." दीर ओरडला, "वहिनी, पुसा ते!" "आधी त्या डब्यातलं पुसा, भाऊजी," म्हणलं, अन् त्याच ओल्या अंगठ्यानं उमेदवारीच्या अर्जावर ठसा उठवला.