पक्कं पॉलिश

टेबलावर टाकलेला पाण्याचा थेंब गोटीसारखा फुगून उभा राहिला.

"अजून मेण आहे," ताई म्हणाली. "घास."

"तूच घास. माझे खांदे गेले कामातून." तरीही बारक्यानं तारेची घासणी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि असा घासायला लागला, जसं काही टेबलानं त्याला शिवी दिली होती.

"मधे घास, मधे," आई खुर्चीवरून म्हणाली. तिचे गुडघे धरलेले. खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल तेवढंच ती पुसायची, बाकी हुकूम. टेबलाच्या मध्यापर्यंत हात पोचायचा तो एकट्या बारक्याचा. ताई कडेकडेनं फिरायची.

दर वर्षी हेच. आईचा फोन यायचा, "टेबल कोरडं पडलंय, या." ताई एका गावाहून यायची, बारक्या दुसऱ्या गावाहून. टेबल वडिलांनी केलेलं, आठ माणसांचं. आता त्यावर आई एकटी जेवायची. दोन दिवस त्याला तेल पाजायचं, मेण चोळायचं, भांडायचं आणि निघताना म्हणायचं, काय डोक्याला ताप आहे. एरवी कुणाच्या लग्नालासुद्धा बहीणभाऊ एकत्र सापडायचे नाहीत.

यंदा आईनंच पीयू पॉलिशचा डबा आणून ठेवला होता. दुकानदारानं सांगितलं होतं, आधीचं मेण पार काढा, नाहीतर हे धरणार नाही. एकदा धरलं की वर पाणी सांडा, गरम भांडं ठेवा, वीस वर्षं बघायला नको.

"तुम्हाला तरी किती पळवायचं?" आई म्हणाली. "हे झालं की सुटलात."

"सुटलो बाबा एकदाचे!" बारक्या म्हणाला. जरा जास्तच मोठ्यानं.

"तुझं काय, तू तसाही काम करायला नाही, गिळायला येतोस," ताई म्हणाली.

"आणि तू फक्त मला शिकवायला येतेस."

"भांडा," आई म्हणाली. "यंदाचं शेवटचंच आहे."

बारक्या पुन्हा घासायला लागला.

संध्याकाळी पाण्याचा थेंब टाकला की पसरायचा. कोपऱ्यात पसरला, मधे पसरला, आईच्या खुर्चीसमोर पसरला. मेणाचा कणसुद्धा उरला नव्हता. रात्रभर वाळू द्यायचं ठरलं. मेणाची जुनी डबी बारक्या फेकायला निघाला, तर आई म्हणाली, "ठेव खिडकीत. दाराच्या कडीला होईल."

सकाळी बारक्यानं जीव लावून पॉलिश मारलं. ब्रशचा एक केस निघाला तर तोही नखानं उचलला. टेबल आरशासारखं दिसायला लागलं. चहा झाला आणि तिघं बघायला आली.

तीन ठिकाणी पॉलिश फाटलं होतं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात, बरोबर मधे आणि आईच्या खुर्चीसमोर. तापल्या तव्यावरून पाणी पळतं तसं लाकडावरून बाजूला पळालेलं, आणि मधे उघडे डाग.

"तुला साधं पुसता येत नाही!" बारक्या ओरडला.

"तुला ब्रश धरता येतो का? आधी ते सांग!"

"थेंब कोण टाकत होतं काल? डोळे कुठं होते?"

"घासत कोण होतं? हात कुठं होते?" ताईनं फडकं फेकलं. ते त्याच्या तोंडावर बसलं.

"दुकानदारानंच फसवलं असेल," आई घाईघाईनं म्हणाली. "मेलं राहू दे. त्या लाकडाला तेल आणि मेणच मानवतं. आता पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी?" बारक्या म्हणाला. "असं खरजुलं सोडून जाऊ? पुढच्या महिन्यात येतो, सगळं खरवडून काढतो."

"मग मला यावंच लागणार," ताई म्हणाली. "तुझ्या भरवशावर टेबल सोडलं तर उरतील फक्त पाय."

"या बाई दोघं," आई म्हणाली. "आता काय, इलाजच नाही." आणि चष्मा पुसत बसली. बारक्या खिडकीबाहेर बघत काहीतरी गुणगुणायला लागला.

ताईनं खाली पडलेलं फडकं उचललं आणि कोपऱ्यातल्या डागावरून अंगठा फिरवला. पहाटे दोघं झोपलेली असताना तिनं खिडकीतली डबी घेतली होती. झाकण तेव्हाच सैल होतं. बोटभर मेण या कोपऱ्यावर चोळून ती गुपचूप परत येऊन पडली होती.

फक्त कोपऱ्यावर. मधे आणि आईच्या खुर्चीसमोर तिनं हातसुद्धा लावला नव्हता.